बू लास्मिनींचा तास

तिसऱ्या रविवारीही नेमकं तसंच झालं. बू लास्मिनी माइकजवळ तोंड नेऊन सांगत होत्या, "वरच्या वाडीतली बाळंतीण खाली दवाखान्यात आणायची, तर आजही चार गडी तिला सारोंगच्या झोळीत घालून..." आणि आवाज गेला.

आतल्या खोलीत त्या बोलतच राहिल्या, कारण त्यांना ते कळलंच नाही. पण अंगणात फणसाच्या फांदीला टांगलेला रेडिओ गप्प झाला, आणि त्याच्याखाली उकिडवी बसलेली माणसं एकदम खोलीच्या खिडकीकडे बघायला लागली.

कुस्मियाती अंगणातच चहाचे पेले गोळा करत होती. ती गावच्या शाळेत शिकवायची आणि उरलेल्या वेळात हे सामुदायिक रेडिओ केंद्र सांभाळायची. तिने आधी रेडिओला कान लावला. खरखर नव्हती, निव्वळ शांतता होती. म्हणजे टेकडीवरचा ट्रान्समीटर जागच्या जागी चालू होता. त्याच्यापर्यंत आवाजच पोचत नव्हता. म्हणजे घोटाळा खोलीत होता, संगणकात. आणि संगणकापुढे बसला होता प्रप्तो.

एव्हाना हे सगळ्या गावाला पाठ झालं होतं. वोनोलोरो गावात सरपंचपदाची निवडणूक तोंडावर आली होती. उमेदवार दोनच. एक, गादीवर असलेले पाक हर्जितो. दुसऱ्या, भाजीच्या ट्रकांच्या मालकीण बू लास्मिनी. पाक म्हणजे काका आणि बू म्हणजे काकू, मानाने तसं म्हणायचं. रेडिओने दोघांना आठवड्याचा एकेक तास दिला होता. पाक हर्जितोंचा गुरुवारचा तास घंटेसारखा खणखणीत ऐकू यायचा. बू लास्मिनींचा रविवारचा तास मात्र दर वेळी मध्येच मुका व्हायचा. आणि संगणक चालवणारा प्रप्तो हा पाक हर्जितोंचा जावई होता.

कुस्मियाती आत गेली. प्रप्तो टेबलाखाली वाकून आवाजाच्या डबीची वायर काढत होता, घालत होता. माइक आणि गाणी, सगळं त्या चपट्या काळ्या डबीतूनच जायचं. पडद्यावर माऊसचा बाण गोठून बसला होता.

"काय झालं?"

"तेच, म्बाक. डबी दिसेनाशी होते." प्रप्तो तिला मोठी बहीण मानायचा, म्हणून म्बाक म्हणायचा. त्याच्या कपाळावर घाम होता. "परत चालू करतो."

यंत्र बंद करून चालू केलं. मधे जरा वेळ आवाज आला, बू लास्मिनींनी घाईघाईने दोन वाक्यं टाकली, तोच पुन्हा गेला. शेवटी दुपारच्या अजानची वेळ झाली आणि तास संपला.

टेबलाला खेटून तुगिमान उभा होता. तो बू लास्मिनींच्या ट्रकांचा मुकादम आणि प्रचाराचा सर्वेसर्वा. तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे अंगणात ऐकू जावं अशा बेताने, "सासरे बोलायला बसले की हे यंत्र कसं पोपटासारखं बोलतं! जावईबापू, संगणकाचं नावसुद्धा मतदार यादीत घातलंत वाटतं?"

अंगणात हशा पिकला. त्यात प्रेमाचा थेंबही नव्हता. प्रप्तोने वर पाहिलं नाही. आणि तो वर पाहत नाही, हे कुस्मियातीच्या मनात टोचलं.

हे रेडिओ केंद्र त्या दोघांनी उभं केलं होतं. मनोऱ्याचे पाइप दोघांनी मिळून टेकडीवर चढवले होते. एका कार्यालयाने टाकून दिलेला संगणक योग्याकार्ताच्या काही स्वयंसेवकांनी आणून दिला, त्यावर लिनक्स घातलं आणि दोघांना शेजारी बसवून शिकवलं. फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं आणि बिघडलं तर आपलं आपल्याला उघडून बघता येतं, असं ते म्हणाले होते. तसं बघत बघत दोघं तरबेज झाले. प्रिंटर हटून बसला, घड्याळ मागे पडायला लागलं, पडदा काळा झाला, काही झालं तरी दोघं डोकी एकत्र करून शोधून काढायचे. प्रप्तोचं लग्न हर्जितोंच्या निंग्रुमशी झालं, तेव्हा पाहुण्यांना भात वाढायला कुस्मियाती उभी होती.

पण संशयाचं असं असतं, की तो एकदा आत आला की घरातल्या सगळ्या वस्तू त्याच्याच बाजूने साक्ष द्यायला लागतात. मागच्याच आठवड्यात तिने प्रप्तोला संगणकातून पेनड्राइव्ह काढून घाईने खिशात घालताना पाहिलं होतं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं, आता वाटलं. पाक हर्जितोंची दोन माणसं भरदुपारी केंद्राच्या फाटकाशी प्रप्तोशी हळू आवाजात बोलत होती. ती दिसताच गप्प झाली होती. तेही आता आठवलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

बुधवारी शाळेला सुटी होती. तिने ठरवलं, आज आपण एकटीनेच यंत्र तपासायचं.

खोलीची कडी आतून लावून ती बसली. पहिल्यांदा सोपं ते पाहिलं. आवाज चुकून दुसरीकडेच, पडद्याच्या बारक्या स्पीकरकडे, वळवला आहे का? नाही. कुणी पातळी शून्यावर नेली आहे का? नाही. मग महिन्यापूर्वी घातलेल्या नव्या आवृत्तीचा दोष असेल, म्हणून ती काढून जुन्यावर जाऊ म्हटलं. त्यासाठी मुख्य पासवर्ड लागतो. तिने टाइप केला. चूक. सावकाश, एकेक अक्षर बघून टाइप केला. चूक.

ती खुर्चीत मागे टेकून बसली. तो पासवर्ड दोघांनी मिळून ठरवला होता. तो बदलायचा तर प्रप्तोच बदलू शकत होता, आणि त्याने तिला सांगितलं नव्हतं.

त्याचं घर हाकेच्या अंतरावर होतं. उठून जाऊन विचारता आलं असतं. ती उठलीसुद्धा, पण दारापर्यंत जाऊन परत फिरली. विचारलं तर तो सावध होईल, असं तिच्या मनाने घेतलं. कपाटात स्वयंसेवकांनी दिलेली दुसरी हार्डडिस्क पडून होती. तिच्यावर कोरं करकरीत लिनक्स होतं, प्रप्तोचा हात न लागलेलं. तिने यंत्राचं पत्र्याचं झाकण काढलं, प्रप्तोची डिस्क सोडवली आणि ही लावली. झाकण उघडंच होतं तर आतली धूळ ब्रशने झाडली. मेमरीची पट्टी काढून तिच्या पितळी दातांवरून खोडरबर फिरवलं. आवाजाच्या डबीची वायर दुसऱ्या खाचेत घातली. प्लगमधली वीज मीटर लावून बघितली. मग यंत्र चालू केलं, गाणी लावली, मधूनमधून माइकमध्ये स्वतःच पाढे म्हटले.

दिवसभर यंत्र चाललं. एकदाही उचकी लागली नाही.

शाळेतल्या मुलांना ती सांगायची, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळत नाही. आज तिने चार गोष्टी बदलल्या होत्या, आणि त्याहून मोठी पाचवी, ती म्हणजे खोलीत ती एकटीच होती. पण निष्कर्ष तिच्या मनात आधीच तयार होता. तारा ठीक, वीज ठीक, यंत्र ठीक. प्रप्तोची डिस्क काढली आणि आजार गेला. मग आजार प्रप्तोचाच.

प्रप्तोची डिस्क तिने कागदात गुंडाळून घरच्या कपाटात कुलूपबंद केली.

संध्याकाळी ती टपरीवर सोयाबीनचं तेम्पे घ्यायला गेली, तर तुगिमान लवंगी सिगारेट ओढत बाकावर बसलेला. कमरेला वॉकीटॉकी, कारण डोंगरातल्या वळणांवर मोबाइल लागत नाही आणि ट्रकवाल्यांशी बोलावं तर लागतं.

"बू गुरू, दिवसभर खोलीत कोंडून घेतलं होतंत म्हणे. सापडलं का काही?"

"यंत्रात खोट नाही," ती म्हणाली.

"मग माणसात आहे म्हणायची."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तेम्पे केळीच्या पानात बांधून घेतलं आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वाटेवर तिला प्रप्तोच्या मळ्यात गर्दी दिसली. मिरचीची रोपं कुणीतरी उपटून बांधावर टाकली होती. सगळी नाही, रस्त्याकडच्या ओळी तेवढ्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्या म्हणून. निंग्रुम एकेक रोप उचलून मुळं तपासत होती, जगेल का बघत होती. बघे हळहळत होते, आणि हळहळता हळहळता एकमेकांच्या हातांना लागलेल्या मातीकडे बघत होते.

शाळा सुटल्यावर प्रप्तो फाटकाशी उभा दिसला.

"म्बाक, तुगिमानला तुम्ही काय सांगितलंत?"

"यंत्र ठीक आहे, एवढंच."

"आणि मी?"

मुलं बाजूने पळत होती. ती कोपऱ्यातल्या झाडाखाली गेली. तो मागे आला.

"पासवर्ड का बदललास?" तिने विचारलं.

त्याचा चेहरा क्षणात बदलला. चोरी पकडल्यावर बदलतो तसा, असं तिला वाटलं. "ते... निवडणूक होऊ द्या. मग सांगतो."

"आत्ता सांग."

"आत्ता नाही सांगता येत."

"माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे रे त्यात? पेनड्राइव्हवर काय नेलंस? सासऱ्यांची माणसं फाटकाशी काय म्हणत होती?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्ही किती दिवस मोजताय हे सगळं?"

"रविवारी तू बसू नकोस," ती म्हणाली. "मी बसते."

"बरं," तो म्हणाला. "बरं, बू कुस्मियाती."

म्बाक म्हणाला नाही. परक्या बाईला म्हणतात तसं पूर्ण नाव घेऊन, बू लावून म्हणाला. तो वळून गेल्यावर ते तिच्या लक्षात आलं.

रविवारी बू लास्मिनींचा शेवटचा तास होता. सकाळपासून अंगण भरलं. प्रप्तो येणार नाही असंच सगळ्यांना वाटलं होतं, पण तो आला. ऐन अंगणाच्या मध्यावर बाकडं ओढून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे. कुणी त्याच्याशी बोललं नाही. एका म्हातारीने त्याला तळलेला कसावा देऊ केला, तो त्याने घेतला आणि हातातच धरून ठेवला.

आत कुस्मियाती संगणकापुढे. कोरी डिस्क, कोरं लिनक्स. बू लास्मिनी माइकपुढे, हिरव्या ओढणीत, आज जरा ताठच. आणि टेबलाच्या कडेला हात टेकवून तुगिमान पहारा देत होता. "आज बघू कसा जातो आवाज," तो म्हणाला.

कार्यक्रम सुरू झाला. बू लास्मिनींनी सगळ्या वाड्यांना नावं घेऊन सलाम केला. रस्त्याचं झालं, पाण्याच्या टाकीचं झालं. कुस्मियातीच्या कानांवर हेडफोन होते आणि त्यात आवाज स्वच्छ येत होता. तिला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. म्हणजे खरंच प्रप्तोच होता.

"टाकी बांधली खरी," बू लास्मिनी म्हणाल्या, "पण तिच्यात पाणी..."

हेडफोनमध्ये ठप् असा आवाज झाला, आणि शांतता.

अंगणातून एक लांब हुंकार आला. बाणाने जागा सोडली नाही. कुस्मियातीने वायर चाचपली, घट्ट होती. तिने वर पाहिलं, तर तुगिमान वॉकीटॉकी कमरेला परत अडकवत तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिने ओळखलं, कारण बुधवारपासून तिच्या डोळ्यांत तेच होतं.

"बू गुरू," तो सावकाश म्हणाला, "तुम्हीसुद्धा?"

"वेड लागलंय का तुम्हाला!"

"प्रप्तो बाहेर बसलाय. सगळं गाव त्याच्याकडे बघतंय. इथे तुमच्याशिवाय कुणाचा हात नाही." तो खिडकीकडे वळून ओरडला, "अरे, मास्तरीणबाईपण त्यांच्यातल्याच निघाल्या!"

खिडकीत तोंडं जमली. त्यात तिच्या विद्यार्थ्यांचे आईबाप होते. आयुष्यात तिच्याकडे कुणी असं कधी बघितलं नव्हतं. काहीतरी बोलावं, शपथ घ्यावी असं वाटलं. पण शपथ तर प्रप्तोनेही घेतली असती, आणि तिने ऐकली नसती. तिच्याजवळ यंत्रालाच विचारण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता.

बाण हलायला लागला होता. तिने हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि त्यात असा हुकूम दिला, की यंत्राला आत जे जे जाणवेल ते त्याने तिथल्या तिथे पडद्यावर सांगत राहावं. ओळी आल्या. डबी निघाली. माऊस निघाला. डबी पुन्हा जोडली. माऊस पुन्हा जोडला.

"कुणी वायर ओढली का?" तिने विचारलं.

"आता आमच्यावर ढकला," तुगिमान म्हणाला.

बू लास्मिनींनी हात वर केला. "थांबा दोघंही. आवाज येतोय का?"

येत होता. त्या पुन्हा बोलायला लागल्या. टाकीच्या पाण्याचं वाक्य पुरं केलं. कुस्मियाती मात्र आता ऐकत नव्हती, काळ्या खिडकीकडे डोळे लावून बसली होती. शेवटची ओळ स्थिर होती.

तुगिमानच्या कमरेची वॉकीटॉकी खरखरली. खालच्या बाजारात पोचलेला ट्रकवाला कोबी कुठे उतरवू विचारत होता. तुगिमानने ती तोंडाशी नेली, अंगठ्याने बटण दाबलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "थांब रे जरा, इकडे आधीच..."

ठप्. पडद्यावर नवी ओळ उमटली. डबी निघाली.

अंगणातून पुन्हा हुंकार आला. कुस्मियातीने पडद्यावरून नजर उचलली आणि तुगिमानच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा अजून बटणावरच होता. त्याने तो उचलला. दोन श्वासांत ओळ आली, डबी पुन्हा जोडली.

"परत बोला," ती म्हणाली.

"काय?"

"त्या ट्रकवाल्याशी परत बोला."

"का म्हणून? आता माझ्यावर आणायचंय का?"

"पाक तुगिमान, बटण दाबा हो!"

त्याने दाबलं नाही. तो वॉकीटॉकी पाठीमागे घेऊन एक पाऊल मागे सरकला. त्याला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. हिने यंत्रात काही करून ठेवलंय आणि आता भलतंच सिद्ध करणार. मग बू लास्मिनी उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या, त्याच्यापुढे हात पसरला. मालकिणीपुढे त्याचं काही चाललं नाही. त्यांनी वॉकीटॉकी घेतली, डबीजवळ धरली आणि स्वतः बटण दाबलं. डबीवरचा हिरवा दिवा गेला. सोडलं. दिवा आला. दाबलं. गेला.

त्या बाहेर अंगणात गेल्या. माणसं बाजूला झाली. फणसाखाली उभ्या राहून त्यांनी बटण दाबलं आणि खिडकीतून आत ओरडल्या, "आता?"

"आता नाही गेला!" आतून कुस्मियाती ओरडली.

दोन पावलं जवळ. "आता?"

"नाही!"

खिडकीशी. "आता?"

"गेला!"

मग गर्दीतले लोक पुढे सरसावले, ज्याला त्याला बटण दाबून बघायचं होतं. बू लास्मिनींनी कुणाला दिली नाही. एका पोराकरवी ती रस्त्यावरच्या ट्रकमध्ये ठेवायला पाठवली आणि आत येऊन माइकपुढे बसल्या.

"बांधवांनो," त्या म्हणाल्या, "इतके दिवस माझं तोंड कोण दाबतंय याचा मी शोध घेत होते. आज सापडला. माझाच माणूस. माझ्याच पैशाची वॉकीटॉकी. ट्रकवाल्यांशी बोलायला बटण दाबलं, की तिच्या लहरींनी इथल्या डबीला भोवळ येते म्हणे. जावयाचा यात हात नाही. मास्तरीणबाईंचाही नाही. मीही त्यांच्याबद्दल वाईट बोलले होते. ते परत घेते."

अंगणात लोक हसले, आणि यावेळी मोकळं हसले. तुगिमान खोलीच्या कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. उरलेला तास एकदाही अडखळला नाही.

गाणं लावून कुस्मियाती बाहेर आली, तेव्हा बाकडं रिकामं होतं. प्रप्तो फाटकाबाहेर पोचला होता. तिने त्याला गाठलं.

"प्रप्तो."

तो थांबला. "ऐकलं मी. रेडिओवर."

"मी तुला विचारायला हवं होतं."

"विचारलंत की. शाळेपाशी." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "सासऱ्यांची माणसं आली होती. रविवारी लाइन जरा कापत जा म्हणत होती. मी नाही म्हटलं. मग वाटलं, मी नाही म्हटलं तर माझ्या नकळत कुणीतरी यंत्रावर बसेल. जुना पासवर्ड घरात कुणाला कळला असेल, म्हणून बदलला. तुम्हाला सांगितला असता तर कारण सांगावं लागलं असतं. घरातली गोष्ट. बायकोचा बाप आहे तो."

"आणि पेनड्राइव्ह?"

तो पहिल्यांदाच जरासा हसला, पण ते हसू लगेच विझलं. "बू लास्मिनींची भाषणं होती त्यात. निंग्रुमला ऐकायची होती. घरी तिच्या वडिलांसमोर रविवारी रेडिओ लावता येत नाही."

कुस्मियातीला वाटलं होतं, खरं कळलं की एकदम हलकं वाटेल. उलट जडच वाटलं.

"आता त्या पासवर्डचं काय करायचं?" तिने विचारलं.

"डिस्क तुमच्या कपाटात आहे," तो म्हणाला. "गावाला माहीत आहे." आणि निघून गेला.

निवडणूक झाली. बू लास्मिनी थोडक्या मतांनी निवडून आल्या. लोक म्हणत, त्या शेवटच्या तासाने त्यांना तारलं. चूक माझ्याच घरची, असं उघड म्हणणारा उमेदवार गावाने पाहिला नव्हता. मग आठवडाभरात दुसरं बोलणं सुरू झालं, आणि ते पाक हर्जितोंच्या ओसरीवरून निघालं होतं. वॉकीटॉकीचं सगळं नाटक होतं. मास्तरीण आणि जावई, दोघांनी लास्मिनीशी संधान बांधून ते बसवलं होतं. नाहीतर जावई बरोब्बर त्या दिवशी अंगणाच्या मध्येच का बसला? हात गुडघ्यांवर ठेवून का बसला? हर्जितोंनी प्रप्तोशी बोलणं टाकलं. टपरीवर कुस्मियाती आली की बाकावरच्या गप्पा हवापाण्यावर यायच्या. रोपं कुणी उपटली ते कधीच कळलं नाही, आणि न कळल्यामुळे प्रत्येक घराने ते दुसऱ्या एकेका घरावर मनातल्या मनात घातलं.

तुगिमानने मात्र एक केलं. तो केंद्रावर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मला ते पडद्यावरचं परत दाखवा." तिने दाखवलं. त्याने खूप वेळ ओळी बघितल्या. "म्हणजे त्याने काहीच केलं नव्हतं," तो म्हणाला. प्रश्न होता की काय ते तिला समजलं नाही.

नवी रोपं लावायची वेळ आली, तेव्हा कुस्मियाती शाळेआधी प्रप्तोच्या मळ्यात गेली. कुणी बोलावलं नव्हतं. निंग्रुमने तिच्याकडे पाहिलं आणि रोपांची टोपली पुढे केली. प्रप्तो पलीकडच्या टोकाने लावत येत होता, ती अलीकडून. मधे दोघं समोरासमोर आले.

"डिस्क आणलीय मी," ती म्हणाली. "पिशवीत आहे. जशीच्या तशी."

त्याने मातीत खड्डा केला, रोप ठेवलं, दाबलं. "डबीची वायर बदला. जाड वेष्टणाची, आखूड मिळते ती घ्या. आणि यंत्राचा पत्रा जमिनीत तार गाडून जोडा. मग वॉकीटॉकी आली तरी इतकं होणार नाही."

"तू येऊन कर ना."

"नंतर बघू, बू."

निंग्रुम मागून म्हणाली, "मी येते. मला शिकवा. वडील तसेही माझ्याशी बोलत नाहीत, आता आणखी काय करतील?"

प्रप्तोने मान वर करून बायकोकडे पाहिलं, मग कुस्मियातीकडे. त्याला यातलं काही आधी माहीत होतं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कुस्मियातीला ओळखता आलं नाही. आणि या खेपेला तिने ओळखायचा प्रयत्नही केला नाही. तिने सरळ विचारलं, "प्रप्तो, तुला चालेल का?"

"तिला विचारा," तो म्हणाला. "हात तिचे आहेत."

त्याने रिकामी टोपली उचलली आणि उरलेली रोपं आणायला तो बांधाकडे गेला.